शिसं जळून संपत नाही

९ जानेवारी. मलकापूर (कराड).

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगून टाकलं. विज्ञान दिनाचं बाहेरगावचं व्याख्यान यंदा भौतिकशास्त्राकडे, म्हणजे माझ्याकडे. विषयसुद्धा तेच देऊन मोकळे: सोनं कुठून येतं? "गलाईवाल्याच्या लेकीशिवाय हे कोण सांगणार, मॅडम!" सगळे हसले. मीही.

शेजारच्या टेबलावरून शाहीन: "दुकानातून येतं म्हणायचं आणि खाली बसायचं." केमिस्ट्रीवाल्यांना सगळं सोपं.

विषय आवडला पण. आमच्या आटपाडीकडं घरटी एक माणूस गलाईत. परमुलखात भट्टी लावायची, लोकांचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, घालून शुद्ध करून द्यायचं. आबांची उभी हयात कोईमतूरला गेली, मागून दादाची अर्धी. ते सोनं मुळात झालं कुठं, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. मला कळलं ते एम.एस्सी.ला.

संध्याकाळी सुभाषदादाचा फोन. श्रावणापासून गावीच आहे. फार खुशीत. "नंदे, आता परमुलूख बंद! माळावर शेड मारलंय. जुन्या मोबाइलच्या बोर्डातनं सोनं काढतोय. लय माल येतोय पुण्यासनं." वहिनीला पाचवा लागलाय. "ह्या खेपंला पाळण्याची दोरी मी वडणार बघ," म्हणाला.

मागच्या खेपेला... नको ते.

१४ जानेवारी. माहेरी.

संक्रांत. कराडपासून विट्यापर्यंत उभी, पुढं जागा मिळाली. फाट्यावर उतरले तोच वास. रबर जळल्यासारखा, आत काहीतरी गोडूस. घशाला चिकटतो.

शेड घरामागं, ओढ्याच्या वरच्या अंगाला. फोडलेले मोबाइल, कॉम्प्युटरची हिरवी बोर्डं, पोतीच्या पोती. एका कोपऱ्यात ढीग जळत होता, ज्वाळेला हिरवी कड. तांब्याची. निळ्या पिंपांत तेजाब, रंग मोरपंखी. वापरून झालेलं जमिनीतल्या खड्ड्यात सोडलेलं. खड्डा नुसता मातीचा, खाली कागदसुद्धा नाही. दादा एकेक गोष्ट उचलून दाखवत होता, लहानपणी पतंग दाखवायचा तसा. शेवटी एका बाटलीच्या झाकणात सोन्याचा मणी. मुगाएवढा. "एवढाले ढीग जाळलं तवा एवढा!" हातावर घेऊन बघितला. सुंदर होता. खोटं कशाला लिहू.

वहिनी सोप्यात चुलीपुढं. मला वाटलं गुळाच्या पोळ्या. तव्यावर बोर्डं होती. सांध्यांचा डाख, म्हणजे सोल्डर, पातळ झाला की चिमट्यानं चिपा उचलायच्या, बोर्ड आपटून उरलेला डाख घमेल्यात पाडायचा. "बसून काम हाय, वन्सं. वजन उचलाय नको का वाकाय नको." तोंडाला पदर. नुसता पदर. पोळ्यांचा डबा शेजारीच उघडा.

मी डबा आत नेऊन ठेवला. सणाचा दिवस.

आबांना व्याख्यानाचं सांगितलं. मेलेले दोन तारे एकमेकांवर आदळतात, त्यातून सोनं होतं. आबा बशी दोन्ही हातांत धरून चहा पीत होते, तरी थोडा सांडला. म्हणाले, "आमी तेजाबातनं काढलं, तू आभाळातनं काढ. ज्याची त्याची भट्टी."

१५ जानेवारी.

परतीला फाट्यावर बिरूमामा भेटले. त्यांचा मेंढ्यांचा वाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला. दोन मेंढ्या गेल्या म्हणे चार दिवसांत. "दात खायच्या. एका जागी गोल गोल फिरायच्या. आंधळ्या झाल्यागत भिंतीवर जाऊन धडकायच्या, पोरी." डॉक्टर आणला होता, सुई मारून गेला. मामांचं म्हणणं, कुणाची तरी नजर.

बसमध्ये डोकं दुखत राहिलं. साडीला अजून तो वास आहे. दोनदा धुतली.

२१ जानेवारी. मलकापूर.

व्याख्यानाची जुळवाजुळव. लोकांना कळेल असं:

मोठा तारा मरतो तेव्हा कधी कधी त्याचा गाभा दबून गोळा होतो. सूर्यापेक्षा जास्त वजन, आणि आकार कराड ते उंब्रज एवढा. नुसते न्यूट्रॉन, खच्चून भरलेले. चमचाभर काढता आला तर डोंगराएवढा भरेल. असे दोन गोळे एकमेकांभोवती फिरतात. फिरता फिरता अवकाशालाच लाटा देतात, त्यात ताकद झिजते, अंतर कमी होतं. हे कोट्यवधी वर्षं चालतं. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. शेवटची काही मिनिटं फार वेगात. मग टक्कर.

टकरीत न्यूट्रॉनांचा चिखल उडतो. बाहेर पडताना त्यातून अणूंची केंद्रं बांधली जातात. एकेका केंद्रात न्यूट्रॉन इतक्या भराभरा घुसतात की त्याला सावरायला वेळच मिळत नाही. फुगत जातं. मग आतले काही न्यूट्रॉन प्रोटॉन होतात आणि नवं मूलद्रव्य तयार. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम. काम जवळपास सेकंदाभराचं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हे प्रत्यक्ष पकडलं. आधी लाटा, मग उजेड. तो उजेड पहिल्यांदा निळा होता, दिवस जातील तसा लाल होत गेला. जड मूलद्रव्यं तयार झाल्याची खूण. मी तेव्हा नोकरीला नवीन होते, बातमी वाचून वर्गात टेबलावर चढायची बाकी राहिले होते.

(हेही सांगायचं: सगळंच सोनं असंच झालं का, यावर अजून वाद आहे. शिसं तर निम्मंअधिक म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात सावकाश शिजतं. काही टकरीतलं.)

शिसं हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. वहिनीच्या घमेल्यातला डाख. तो कशाचा असतो?

२२ जानेवारी.

शाहीनला विचारलं. "जुन्या बोर्डांचा? कथील आणि शिसं." डबा उघडता उघडता सहज बोलली. मी सगळं सांगितलं, तवा, चूल, खड्डा, मेंढ्या. तिनं डब्याला झाकण लावलं.

"पाच महिने?"

"हो."

"आजच्या आज तिथून उठव तिला."

२३ जानेवारी.

दादाला फोन केला. नीट, हळू सांगितलं. हसला. "अगं, आबांनी आख्खी जिंदगी हेच केलं, काय झालं त्यास्नी?" वहिनीला फोन द्यायला सांगितलं. वहिनी म्हणाली बरी आहे, फक्त पोटात कळा येतात, साफ होत नाही, आणि तोंडाला चव नाही. "लोखंड चघळल्यागत लागतंय, वन्सं. दिवस हायत म्हणून असंल." मागून दादाचा आवाज, "लय डोकं खाऊ नगं तिचं."

३० जानेवारी. आटपाडी–मलकापूर.

रजा टाकून गेले. दादाला सांगितलं आबांना बघायला आले. खड्ड्यातलं पाणी एका बाटलीत, विहिरीचं दुसऱ्या. विहीर शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे. घरचं पिण्याचं तिचंच.

बाटली भरताना वहिनीनं बघितलं. जाताना माझ्या पिशवीत शेंगा घातल्या, वर हळूच म्हणाली, "मागचं पाचव्यातच गेलं हुतं. तिकडं कोईमतूरला आमी भट्टीच्या खोलीतच राहत होतो. तवा मला कुणी काय सांगिटलं न्हाई."

बिरूमामांची आणखी तीन मेंढरं गेली. पुरलेली कुत्र्यांनी उकरली.

१ फेब्रुवारी.

कॉलेज सुटल्यावर शाहीनबरोबर लॅबमध्ये. तिनं आधी खड्ड्यातल्या पाण्यातलं तांबं बाजूला काढलं, पांढरा साका गरम पाण्यात विरघळवला, मग पोटॅशियम आयोडाइडचे थेंब. पिवळाधमक. परत तापवलं, रंग गेला. नळाखाली गार करत धरलं आणि नळीत आतल्या आत सोनेरी चकत्या झरायला लागल्या. वर्गात मुलांना हा प्रयोग दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात.

"शिसं," शाहीन म्हणाली. नळी स्टँडला लावली.

विहिरीच्या पाण्यात काही दिसलं नाही. मी हुश्श केलं तर म्हणाली, "आपल्या लॅबला दिसलं नाही एवढंच." ती बाटली सांगलीच्या लॅबला पाठवली.

३ फेब्रुवारी.

दादाशी भांडण. फोनवरच.

"मेंढरं काय, दर साली मरत्यात."

"दादा, खड्ड्यात शिसं आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

"मग जाळतो की सगळं! खड्ड्यावर टायर टाकून पेटवतो. जाळलं की संपलं."

कसं सांगू. शिसं जळून संपत नाही. तेजाबात घाला, पेटवा, पुरा, ओढ्याला सोडा. धूर होईल, राख होईल, मीठ होईल, आत शिसं शिसंच. आपली आग अणूच्या बाहेरच्या सालीला हात लावते, गाभ्याला नाही. तो गाभा जिथं बांधला गेला ती भट्टी पृथ्वीवर नाही. पृथ्वी झाली त्याच्या आधीपासून ते आहे, आपण गेल्यावरही राहणार. सोनं टिकतं म्हणून आपण ते गळ्यात घालतो. शिसंही त्याच कारणानं टिकतं.

एवढं सगळं बोलले नाही. "संपत नाही दादा, कधीच संपत नाही," एवढंच ओरडले. तो म्हणाला, "तुला माझं गावात ऱ्हाणंच बघवंना." फोन ठेवला.

ते वाक्य सलतंय. त्यानं तिकडं कसे दिवस काढले मला माहीत आहे. आई गेली तेव्हा मातीला पोचला नव्हता.

५ फेब्रुवारी.

ह्यांचा फोन, सीमेवरच्या पोस्टवरून. आवाज तुटत होता. सगळं ऐकून घेतलं. "घरातलं घरात मिटव. गावात बोभाटा झाला तर माहेर तुटंल तुझं." मग जरा वेळानं, "पण वहिनीला आण." रेंज गेली.

९ फेब्रुवारी.

वहिनी आली. एकटी. एसटीनं, हातात एक पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, "त्यास्नी सांगून आलेय. व्हय बी म्हणलं न्हाईत आन् न्हाई बी म्हणलं न्हाईत."

जेवण जात नाही. हाताची बोटं थंडगार. अंग पांढरं पडलंय. दुपारभर झोपली. मी दार लोटून दोनदा श्वास चालू आहे का बघून आले.

१२ फेब्रुवारी. मिरज.

डॉक्टरीणबाई शांत. आधी सगळं ऐकलं, मग वहिनीचा ओठ वर उचलून हिरड्या बघितल्या. मला जवळ बोलावलं. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. वहिनी म्हणाली, "मिशेरीचं असंल." मिशेरी तिनं लग्नानंतर सोडलीय.

रक्त घेतलं. सोनोग्राफीत ठोके चांगले. बाळाची वाढ जरा मागं.

"घरात आणखी कुणाला त्रास?" म्हणून विचारलं. नाही म्हणणार होते. मग आबांचे हात आठवले. आम्ही वय झालं म्हणत होतो. कोईमतूरला भट्टीतली झाडझूड गोळा करून पाऱ्यात घोळायचे, त्यातलं सोनं धरायला, मग पारा शेगडीवर उडवायचे. त्याच खोलीत झोपायचे. आबांचे हात मी चौथीत असल्यापासून थरथरतात. तेव्हा कुठं वय झालं होतं?

१७ फेब्रुवारी.

रिपोर्ट आला. रक्तात शिसं, चालेल त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन ठेवतं. बाळाची हाडं बनायला लागली की आईच्या हाडातलं बाहेर काढतं. त्याबरोबर हेही जातं.

"म्हणजे आता ती तिथून लांब आहे तरी?"

"तरी. पण लांब राहणं हेच पहिलं औषध. लोह, कॅल्शियम चालू करू. बाकीचं दर पंधरवड्याला रक्त बघून ठरवू."

परतीच्या गाडीत वहिनीनं विचारलं, "कोईमतूरचं बी हाडात असंल का, वन्सं? सहा वर्सांमागलं?" मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. असेल. हाडात वर्षानुवर्षं राहतं.

सांगलीच्या लॅबचा कागदही आला. विहिरीतही आहे. थोडं आहे, पण आहे.

दादाला दोन्ही गोष्टी मेसेज केल्या. दोन निळ्या खुणा.

१९ फेब्रुवारी.

आबांना फोनवर विहिरीचं पाणी बंद करा म्हणून सांगितलं. म्हणाले, "सुभाष सोमवारपासनं टँकरचं पाणी आणतोय. काय बोलत न्हाई. भट्टी मातुर चालू हाय." मग: "माज्या हाताचं बी तेच का गं?"

मी म्हटलं तपासून बघू.

"नगं. आता बघून काय मूस बदलायची हाय व्हय!"

२४ फेब्रुवारी.

प्राचार्यांनी व्याख्यानाचं गाव कळवलं. आमचंच. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी माझं नाव घालून मागितलं, माहेरवाशीण म्हणून. शाळेची मुलं, पालक, ग्रामपंचायत, सगळे येणार. नको म्हणायला गेले तर म्हणाले, "पत्रिका छापल्या, मॅडम."

शाहीन म्हणते सोन्यावर बोल आणि ये. ओढ्याचं तहसीलला वेगळं कळवू, रीतसर. तिचं बरोबर आहे. रीतसर कळवलं तरी अडकणार दादाच. न कळवलं तरी ओढा वाहतोच आहे.

२८ फेब्रुवारी. माहेरी.

जसं झालं तसं लिहिते.

पटांगण भरलेलं. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी आबा. बहीण बोलणार म्हणून आला होता. तीन आठवडे बोलला नाही आणि आला. मला बघून मान हलवली.

बोलले चांगलं. कराड-उंब्रजवर लोक हसले. टक्कर सांगितली तेव्हा मागची पोरंसुद्धा गप्प. "तुमच्या मंगळसूत्रातला प्रत्येक कण पृथ्वीच्या आधीचा आहे," म्हटलं तर बायकांचे हात आपोआप गळ्याशी गेले. दादाचा चेहरा फुलला होता.

हेडमास्तर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? बिरूमामा मागून उठले. घोंगडं खांद्यावर.

"पोरी, सोनं आभाळातनं आलं, पटलं. माझी अकरा मेंढरं गेली. ती कशानं, ते तुला ठावं हाय का?"

कुणीतरी त्यांना खाली ओढलं. ते बसले नाहीत. "न्हाई, तिला इचारतोय. शिकल्याली हाय ती. बाटल्या भरून न्हेल्या तिनं, मी बघिटलं."

मी दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं. "न्हाई ठावं" म्हणाले असते तर संपलं असतं. खरंच संपलं असतं.

"ठावं आहे मामा," म्हटलं. "शिसं. ओढ्याच्या पाण्यात आहे. विहिरींतही उतरतंय. ते पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका. पोरांची आणि दिवस गेलेल्या बायकांची रक्तं तपासून घ्या."

"आलं कुठनं?"

"आमच्या भट्टीतनं."

माइक चालू होता. बाहेरच्या कर्ण्यावरून गावभर गेलं.

दादा उठला, शर्ट झटकला आणि बाहेर गेला. आबा तसेच बसून. त्यांचे हात मांडीवर हलत होते, सगळ्यांच्या देखत, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते झाकले नाहीत.

१ मार्च.

सकाळी निघताना दादा दिसला नाही. शेडला कुलूप. आबा फाट्यापर्यंत आले. "तू खरं बोललीस," म्हणाले. एवढंच. बरं केलंस म्हणाले नाहीत.

५ मार्च. मलकापूर.

वहिनीला सातवा. तिच्या माहेरच्यांनी डोहाळजेवण नको म्हणून कळवलं. "गावात तोंड दाखवाय जागा न्हाई," असं तिची आई फोनवर म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शाहीननं चिंचेची आमटी, खजूर, फुलांची वेणी आणली. आम्ही दोघींनीच ओटी भरली. वहिनी हसली, मग न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला.

११ मार्च.

पंधरवड्याचं रक्त. किंचित कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिशा बरोबर आहे, आनंद करू नका. बाळ अजून मागंच आहे.

गावातून तिघीजणी मिरजेला जाऊन आल्या. एकीचं वाढलेलं निघालं. तिचं घर ओढ्याच्या खाली, बिरूमामांच्या वाड्याशेजारी.

१४ मार्च.

तहसीलची माणसं शेड बघायला येऊन गेली, आबांचा फोन. शेड रिकामं. बोर्डं नाहीत, पोती नाहीत, तवासुद्धा नाही. खड्डा ताज्या मुरमानं बुजवलेला. जमीन झाडून घेतलेली. "पिंपं कुठं हायत म्हणून इचारलं त्यांनी. सुभाष म्हणाला, पिंपं नव्हतीच."

मी स्वतः बघितली होती. भिंतीला लावून, दोन ओळींत. तेजाब काठोकाठ.

१५ मार्च.

वर्गात लक्ष नाही. ती पिंपं कुणीतरी कुठंतरी नेली. कुठल्या ओढ्याला, कुठल्या पडक्या विहिरीत, कुठल्या तलावाच्या काठाला. कुणाच्या तरी गावाच्या वरच्या अंगाला. तिथं कुणाला माहीत नाही. तिथं बिरूमामा नाहीत.

दादाला अकरा फोन. उचलत नाही.

१९ मार्च.

आज दादा आला. दुपारी, न कळवता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. वहिनी दारात आली, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोटाकडं बघून नजर बाजूला घेतली. "रगातलं शिसं कमी झालं म्हणं," म्हणाला. "जरा जरा," ती म्हणाली. पाणी दिलं. तांब्याकडं बघत राहिला, मग विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"नळाचं. कोयनेचं," मी म्हटलं. प्यायला.

जेवला. तिनं वाढलं. हात धुऊन आला तेव्हा मी विचारलं.

"दादा, पिंपं कुठं ओतलीस?"

तो हात पुसत राहिला.

"पोलिसांसाठी नाही विचारत."

"ठावं हाय." नखांकडं बघत होता. नखं पिवळी पडलीत. "मी न्हाई वतलं. टेम्पोवाला आणला हुता, परगावचा. त्याला म्हणलं, हितनं घिऊन जा."

"कुठं?"

"म्हणलं, कुठंतरी वत. वस्ती नसंल तितं. मला सांगू नगं."

"आणि त्याचा नंबर?"

"लागत न्हाई."

वहिनी भांडी घासत होती, ती थांबली. नळ तसाच वाहत राहिला. दादाचे खांदे हलायला लागले, आवाज नाही. मला वाटलं तिनं त्याच्याजवळ जावं. ती गेली नाही. नळ बंद केला आणि तिथूनच म्हणाली, "वस्ती नसंल तितं बी पाणी खालीच येतंय न्हवं?"

२० मार्च.

दादा सोप्यातच झोपला. सकाळी चहा पिताना म्हणाला, टेम्पो भिवघाटाकडं वळला एवढं त्यानं बघितलं होतं. तिथून चारी दिशांना रस्ते.

शाहीननं लॅबमधल्या रिकाम्या बाटल्या दिल्या, धुऊन, बुचं लावून. उद्यापासून रजा टाकलीय. दादा नि मी गावोगावचं पाणी भरून आणायला निघणार. आधी कुठल्या बाजूला, ठरलेलं नाही.